कागदावरचं तळं

धुळे

पाणथळ जागांविषयी शिकवायला मी खानदेशात निघाले आहे, हे कळल्यावर आमच्या पुण्यातल्या सोसायटीत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. "तिकडे पाणी आहे का?" आमच्या सोसायटीचं नाव 'लेक व्ह्यू' आहे. तिच्या कुठल्याही खिडकीतून लेक दिसत नाही. समोरच्या इमारतीची गळकी टाकी तेवढी दिसते. पण खानदेशातल्या पाण्याची काळजी आम्ही करतो.

आमची संस्था अगदी लहान आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना तळी, दलदली, नदीचे काठ म्हणजे काय आणि ते का राखायचे, हे आम्ही शिकवतो. पिशवीत चित्रांचे तक्ते आणि दुर्बीण घेतली. गमबूट घरीच ठेवले. फेब्रुवारीत खानदेशात चिखल कुठला, असा माझा शास्त्रीय अंदाज होता.

पहिला मुक्काम धुळ्यात, एका मोठ्या खाजगी शाळेत. शाळेचं मैदान हिरव्या प्लास्टिकच्या गवताने झाकलेलं होतं आणि त्यावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी होती. मला वातानुकूलित सभागृहात नेलं. सातवीची मुलं हाताची घडी घालून बसली होती.

"पाणथळ जागा कोणी पाहिली आहे?" मी विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले. मला भरून आलं. मग पहिल्या मुलीने सांगितलं, "यूट्यूबवर." बाकीच्यांनी हात खाली घेतले, कारण त्यांचंही उत्तर तेच होतं.

शहराच्या कडेलाच चांगलं मोठं तळं आहे, थंडीत तिथे बदकं उतरतात. मुलांना तिथे नेऊ या, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं. त्या फार गोड हसल्या. "नको हो. तिथे पाणी असतं."

तासाच्या शेवटी चष्मा लावलेल्या एका मुलाने मात्र मला पकडलं. "मॅडम, विज्ञानाच्या पुस्तकात आहे की डबकी बुजवा, डास होतात. तुम्ही म्हणता, तळी वाचवा. परीक्षेत काय लिहायचं?" मी वाहतं पाणी, साचलेलं पाणी, डासांच्या अळ्या खाणारे मासे असं बरंच काही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "हो, पण लिहायचं काय?"

संध्याकाळी एका खानावळीत शेवभाजी खाल्ली. मालकांनी आधी विचारलं होतं, "ताई, तिखट चालेल ना?" मी म्हटलं, "कोल्हापूरची मिसळ खाल्लेली आहे." ते मान डोलावून आत गेले. आमच्याकडे शेव हा चिवड्यातला दुय्यम कलाकार. इथे ती नायिका आहे आणि काळ्या मसाल्याचा रस्सा खलनायक. दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. मालकांनी न मागता दह्याची वाटी आणून ठेवली. कोल्हापूरचा विषय त्यांनी काढला नाही, हे त्यांच्या खानदानीपणाचं लक्षण.

धरणगावच्या पुढे

धरणगावच्या स्टँडवर शबाना पिंजारी मला घ्यायला स्कूटरवर आली होती. तिच्या वडिलांचं धरणगावात गाद्यांचं दुकान आहे. ही घरातली पहिली शिक्षिका, बाजूच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. आमचे तक्ते वापरणाऱ्या शिक्षकांपैकी ती एकटीच उलट फोन करायची आणि चित्रातली पाणकोंबडी चुकली आहे असं सांगायची. म्हणून मला तिला भेटायचं होतं. त्या शाळेच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या लोकांनी मला जेवू घातलं आहे.

वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची वाळलेली झाडं उभी होती, मधूनमधून केळीचे हिरवेगार चौकोन. स्कूटर चालवता चालवता शबानाने बातमी दिली.

"उद्या दोन कार्यक्रम आहेत. एक आपला, पाणथळ दिनाचा. दुसरा, गावच्या तळ्याच्या सुशोभीकरणाचं भूमिपूजन."

"सुशोभीकरण म्हणजे?"

"तळाला प्लास्टिकचा कागद टाकणार, शेततळ्याला टाकतात तसा. चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत. पेव्हर ब्लॉक, मध्ये कारंजं. आणि सिमेंटचे फ्लेमिंगो."

"आणि आपला कार्यक्रम कुठे?"

"त्याच मांडवात. सरपंच नाना म्हणाले, मंडप एकदाच घालू. तळं वाचवायचं भाषण आधी, नारळ नंतर."

मी हसले. ती हसली नाही. तिची नेमणूक कंत्राटी आहे, आणि जूनमध्ये ती पुढे चालू ठेवायची की नाही हे शाळेची समिती ठरवते. समितीचे अध्यक्ष नानाच. वर्षभर तिने सातवीचा वर्ग त्याच तळ्यावर शिकवला होता. मुलांनी तिथले पक्षी ओळखले, पाण्याची खोली काठीने मोजली, बेडकांची अंडी बाटलीत वाढवून पुन्हा पाण्यात सोडली. आता त्याच तळ्याचा तळ झाकायच्या भूमिपूजनाला तिने मुलांना रांगेत बसवून टाळ्या वाजवायला लावायच्या होत्या.

"तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. "तुम्ही बोलून पुण्याला जाल. मी इथेच आहे."

एवढं स्पष्ट मला आमच्या संस्थेच्या बैठकांतही कोणी सांगत नाही.

तळ्याकाठी

दुपारी सातवीचा वर्ग मला तळं दाखवायला घेऊन गेला. खरं सांगते, पहिल्या नजरेला ते तळं कुणाच्याही प्रेमात पडण्यासारखं नव्हतं. रस्त्याच्या बाजूला गावाचं गटार थेट पाण्यात पडत होतं, आणि तिथला वास असा की सुशोभीकरणाची कल्पना नाकातूनच सुचावी. पण पलीकडच्या काठाला पाणकणसं उभी होती, त्यांच्या कडेने लांब लाल पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चालत होते. टिबुकल्या बुडी मारत होत्या आणि भलत्याच ठिकाणी वर येत होत्या. मुलं मला नावं सांगत होती, मी मान डोलावत होते. एका मुलाने चमचा पक्षी दाखवला आणि म्हणाला, "हा निवडणुकीच्या आधी जास्त दिसतो." सगळा वर्ग हसला. शबानाने त्याच्याकडे पाहिलं, पण त्यात राग नव्हता.

शेकाट्यांचा फोटो जवळून घ्यावा म्हणून मी पुढे सरकले. काठावर कपडे धूत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आवाज दिला, "ताई, पुढे जाऊ नका, तठे गाय शे."

मी पाहिलं, गाय कुठेही नव्हती. असती तरी गायीला घाबरण्याचं मला काही कारण नाही. मी हसून "हो हो, असू दे" म्हटलं आणि पाऊल टाकलं. गुडघ्यापर्यंत आत गेले. दुसरा पाय त्याला सोडवायला गेला आणि तोही राहिला.

मुलांनी आणि त्या अक्कांनी मिळून मला ओढून काढलं. एक चप्पल आतच राहिली. वैष्णवी नावाच्या मुलीने मला धुवायला बादली दिली आणि अतिशय गंभीरपणे खुलासा केला, "मॅडम, आमच्याकडे ळ चा य होतो. शाळेला शाया म्हणतात, तळ्याला तयं. त्या गाळ म्हणत होत्या."

पाणथळीवरची तज्ज्ञ म्हणून मला गावात बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत ही तज्ज्ञ गायीत रुतली, अशी बातमी घरोघरी पोचली होती.

त्या रात्रीचं जेवण शबानाच्या घरी, धरणगावात. तिच्या आईने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत केलं होतं. ती वांगी आमच्या भाजीवाल्याच्या वांग्यांना ओळखही दाखवणार नाहीत. जेवताना तिच्या वडिलांनी विचारलं, "उद्याचं काय ठरलं?" शबाना म्हणाली, "मुलं एक प्रयोग दाखवणार आहेत. अभ्यासक्रमातलाच आहे, पाणी जमिनीत कसं मुरतं." वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "अभ्यासक्रमातलं असेल तर करावंच लागेल." आणि तिच्या ताटात त्यांनी आणखी भरीत वाढलं.

मांडवात

मांडव तळ्याला पाठ करून घातला होता, म्हणजे पाहुण्यांना तळं दिसू नये. मागच्या पडद्यावर फ्लेमिंगोचं चित्र होतं. ते बहुधा आफ्रिकेतलं असावं, कारण त्यामागे हत्ती होते. वर लिहिलं होतं, 'पाणथळ दिन व तलाव सुशोभीकरण भूमिपूजन सोहळा'. 'व' हे अक्षर इतका भार सोसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

माझं शाल-श्रीफळ देऊन स्वागत झालं. शबानाने बजावल्याप्रमाणे मी कुणाला न बोचणारं भाषण केलं. पाणी हे जीवन आहे, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीही न बोलणाऱ्या पाहुण्याला नेहमीच मोठ्या टाळ्या मिळतात.

मग मुलांचा प्रयोग. टेबलावर दोन काचेच्या पेट्या होत्या, दोन्हींत रेती आणि माती. प्रत्येक पेटीत एका बाजूला उंचावर खोलगट तळं केलेलं, दुसऱ्या बाजूला सखल जागी भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली पुरलेली. ती विहीर. एका तळ्याच्या तळाला काही नव्हतं. दुसऱ्यात शेततळ्याच्या काळ्या कागदाचा तुकडा नीट बसवलेला होता. वैष्णवीने दोन्ही तळ्यांत सारखंच पाणी ओतलं आणि म्हणाली, "आता थोडं थांबायचं आहे."

थांबायचं म्हणून सूत्रसंचालक सरांनी नानांना भाषणाला बोलावलं.

नाना साठीचे, पांढरे कपडे, भरदार मिशा, बोलण्यात गोडवा. त्यांनी गावाच्या इतिहासापासून सुरुवात केली आणि बराच वेळ ते इतिहासातच राहिले. मग रस्ते, मग सभामंडप, मग बारमाही पाण्यात चालणाऱ्या बोटी. भाषणं लांबतात म्हणून मी आयुष्यभर कुरकुरत आले आहे, पण विज्ञानावर त्या भाषणाचे उपकार आहेत. ते आटोपशीर असतं तर प्रयोग फसला असता. नाना बोटींपाशी पोचले तेव्हा पहिल्या पेटीतल्या विहिरीत बोटभर पाणी चढलं होतं. दुसरीतली विहीर कोरडी ठणठणीत होती.

पुढे बसलेल्या बायकांच्या ते आधी लक्षात आलं. कुजबुज सुरू झाली. नाना थांबले, वळून पाहू लागले.

"काय शे ते?" त्यांनी विचारलं.

वैष्णवी उठली. वर्गात ती प्रमाण मराठी बोलते. तेव्हा मात्र ती घरच्या भाषेत बोलली. "नाना, हाई आपलं तयं शे, नि हाई तुमनी विहीर. कागद टाका तं बठ्ठं पानी वरच थांबी गयं."

तुमनी विहीर, असं ती म्हणाली. ती चूक होती की हिशेब, हे मला आजही कळलेलं नाही. तळ्याच्या खालच्या अंगाला पहिली विहीर नानांचीच आहे. त्यापुढे नानांचीच केळी.

 काल मला गाळातून काढणाऱ्या अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मंग आमनी विहिरमा पानी कथाइन येई?"

विहिरीत पाणी कुठून येणार, या प्रश्नावर मुख्याध्यापकांनी घाईघाईने राष्ट्रगीताची खूण केली. त्याची वेळ व्हायची होती, नारळही फुटायचा होता. मी शबानाकडे पाहिलं. ती मुलांच्या रांगेमागे उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं आणि चेहरा मात्र तासाची घंटा व्हायची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेचा ठेवला होता.

नानांनी घसा साफ केला. "पोरांनी चांगला प्रयोग केला. इंजिनियर साहेबांना विचारून घेऊ." मग त्यांनी नारळ फोडला. तो पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यातही नाही.

नानांच्या ओसरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा निरोप आला. जळगावला गाडी पकडण्याआधी दोघींनी घरी जेवून जावं. शबाना म्हणाली, "तुम्हाला जेवायला बोलावलंय. मला कशाला बोलावलंय ते माहीत आहे."

ओसरीवर पाटावर बसवून नानांच्या घरच्या बाईंनी खापरावरची पुरणपोळी वाढली. उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेली, हातावर मोठी केलेली, रुमालासारखी पातळ आणि ताटाबाहेर लोंबणारी. आमच्याकडे पुरणपोळी लाटतात. इथे ती हवेत घडते. मी तीन खाल्ल्या. शबानाने अर्धी.

नाना बराच वेळ केळीच्या भावाबद्दल बोलले. मग एकदम मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला वाटत असेल, हा माणूस तळ्याच्या जिवावर उठलाय."

मी पोळीचा घास तोडला. मला तसंच वाटत होतं.

"आमच्या गावाला मुली देत नाहीत. माझा धाकटा तेहतिशीचा आहे. पाहुणे येतात, रस्त्यावर तळ्यापाशी गाडी उभी करतात. नाक दाबतात. चहा पितात, जातात. परत फोन नाही. शेजारच्या गावाने कारंजं बसवलं, तिथे गेल्या वर्षी लग्नंच लग्नं झाली."

सिमेंटच्या फ्लेमिंगोंवर मी मनात जे जे विनोद रचून ठेवले होते, ते तिथल्या तिथे शिळे झाले. आतल्या दारात नानांचा मुलगा उभा होता. तो ताकाचा गडवा घेऊन आला होता, हे ऐकून तसाच परत फिरला.

शबानाने ताटावरून हात बाजूला घेतला. "नाना, वास तळ्याचा नाही. गटाराचा आहे. गटार तळ्यात सोडलंय पंचायतीने. ते वळवलं, तर नाक दाबावं लागणार नाही. कागद टाकून वास जाणार नाही. वरून झाकण नाही ना टाकणार."

"मला माहीत नाही का?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "पण गटाराचं काम कोणाला दिसत नाही, मॅडम. कारंजं दिसतं."

शबानाच्या ताटात उरलेल्या पोळीकडे त्यांनी पाहिलं. मग नानांनी विचारलं, "तुमची नेमणूक जूनपर्यंतच आहे ना?"

शबाना म्हणाली, "हो."

"मग जूनच्या आत गटार कसं वळवायचं ते मला सांगा. पोरांना घेऊन जागा दाखवा. इंजिनियर कागदच टाका म्हणेल, त्याला कागदच माहीत आहे." आणि घरात वळून म्हणाले, "मॅडमना अजून एक पोळी वाढा. त्यांनी काही खाल्लं नाही."

ही कबुली होती, हुकूम होता की पुढची धमकी होती, याचा विचार मी जळगावपर्यंत करत राहिले. स्टेशनवर सोडताना शबानाने केळीच्या वेफर्सची पिशवी माझ्या हातात दिली. "तुम्ही बोलला नाहीत, थँक्यू," ती म्हणाली. पाणथळ संवर्धनातल्या माझ्या योगदानाची एवढी नेमकी पावती मला कधी मिळाली नव्हती.

परतल्यावर

पुण्यात आल्यावर संस्थेत सगळ्यांनी विचारलं, गाव वाचलं का, तळं वाचलं का. लोकांना प्रवासातून काहीतरी वाचलेलं हवं असतं. मी म्हटलं, एक चप्पल गेली.

मग शबानाचे फोन येत राहिले. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा गटाराला वेगळी वाट काढली आणि शेवटी एक शोषखड्डा केला. त्यात दोनदा माती ढासळली. रस्त्याच्या बाजूला भिंत झालीच. पेव्हर ब्लॉकही बसले, आणि त्यांच्यावर संध्याकाळी म्हातारे बसतात. तळाला कागद टाकला नाही. इंजिनियर साहेब नाराज आहेत. दोन फ्लेमिंगो आले आहेत, गुलाबी रंग जरा जास्तच झाला आहे. शबानाची नेमणूक एका वर्षाने वाढली. एकाच वर्षाने.

पावसाळ्यात एकदा तिने तळ्यावरूनच फोन केला. मागे बेडकांचा इतका गोंधळ होता की ती ओरडून बोलत होती.

"वास गेला," ती म्हणाली. "परवा नानांकडे मुलीकडचे आले होते. तळ्यापाशी गाडी थांबवली, खाली उतरले, पक्षी पाहिले, फोटो काढले. नाक कोणी दाबलं नाही."

"मग जमलं?"

"नाही. मुलगा बारावी नापास आहे, म्हणाले."

मला हसू आलं आणि लगेच आवरलं. दारातून गडवा घेऊन परत फिरलेला तो मुलगा डोळ्यांपुढे आला.

"नाना काय म्हणाले?"

"आज सकाळी शाळेत आले होते. माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपेपर्यंत उठले नाहीत." बेडूक क्षणभर थांबले, तसा तिचा आवाज खाली आला. "जाताना म्हणाले, तळ्याचं झालं, मॅडम. आता बारावीचं काय करायचं ते सांगा. पोरगा बाहेर गाडीवर बसलाय, लाजतोय."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? आत बोलावलं."